भाऊजींचा अकरा नंबरचा उंदीर

उंदीर मारणारी माणसे जगात पोत्याने सापडतील. पण उंदराला मूल होत नाही म्हणून ज्याच्या घशाखाली घास उतरत नसे, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या घरचा जावई निघाला. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि ज्याला त्याला काहीतरी भव्य करायचे होते. कुणी धरणे बांधायला निघाले, कुणी पोलाद ओतायला. भाऊजींनी ठरवले, की चांगले धट्टेकट्टे काही नर उंदीर बाप का होऊ शकत नाहीत, आणि ही उणीव त्यांच्याकडे आईबापांकडून कशी येते, याचा छडा लावायचा.

कॉलेजातली उंदरांची खोली उन्हाळ्यात भट्टीसारखी तापे, म्हणून एका मे महिन्यात ते पिंजरे सायकलरिक्षात घालून रामदासपेठेतल्या आपल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडी घेऊन आले, आणि ते पाहुणे पुन्हा परत गेलेच नाहीत. घरात वाळ्याची ताटी एकच होती. ती उंदरांच्या खिडकीला लागली. "नराला उकाडा सोसत नाही," असे भाऊजी सांगत आणि स्वतः ओला बनियन घालून बसत. भिजवलेले हरभरे आधी पिंजऱ्यांत जात, उरले तर उसळ होई. पिल्ले झाली की ते शेजारी साखर वाटत. एका नव्या शेजारणीने विचारले, "मुलगा का मुलगी?" तर म्हणाले, "पाच मुलगे, तीन मुली. बाळंतीण सुखरूप आहे." लग्नाच्या पंगतीत ते नवरदेवाच्या काकांशेजारी बसत आणि पहिल्या वरणभाताला विचारत, "तुमच्या भावांत बिनपोराचे किती?" पुढेपुढे आमंत्रणे नुसती ताईच्या नावाने येऊ लागली.

भाऊजी मूळचे उमरेडचे, विणकराघरचे. पांढऱ्याशुभ्र उंदरांतला कुठला कोण हे कळावे म्हणून ते त्यांच्या पाठीवर सूत रंगवायच्या रंगाचे पट्टे ओढत, आणि ते रंग कालवून द्यायचे काम त्यांच्या मायचे. माय निरक्षर होती, पण लुगड्याच्या काठात कुठल्या रंगानंतर कुठला धागा येतो हे चाळीस वर्षे डोक्यात ठेवलेली बाई. लेकाच्या जाडजूड वहीपेक्षा मायच्या डोळ्यांत उंदरांचे कूळ जास्त पक्के होते.

या विनोदी घरात एकच गोष्ट विनोदाची नव्हती. लग्नाला सहा वर्षे झाली तरी ताईची कूस उजवली नव्हती. माय वाईट नव्हती, पण जीभ तिखट. "उंदराच्याही घरी पाळणा हालते," असे ती ताईला ऐकू जाईल इतपत हळू म्हणे. शेवटी तिने उमरेडला एक मुलगी पाहून ठेवली. दुसऱ्या लग्नाला तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. दिवाळीनंतरचा मुहूर्तही बोलण्यात होता. ताईने मला, मी शिकवत असे त्या शाळेतून, बोलावून घेतले आणि न रडता सांगितले, "थे उमरेडची आली का मी तुह्याकडे राहाले येईन." भाऊजी काय म्हणाले, असे मी विचारले. "पिंजरे धुवाले गेले," ताई म्हणाली. तो विषय निघाला की ते पिंजरे धूत. त्या दिवसांत इतके स्वच्छ पिंजरे अख्ख्या देशात कुठे नसतील.

त्यांचा सगळा जीव तेव्हा अकरा नंबरच्या नरावर होता. मोठा देखणा उंदीर, मिशा झुपकेदार, पण चार माद्यांच्या सहवासात तीन महिने राहून पिल्लू म्हणून नाही. आणि ऐन अशा वेळी भाऊजींना मुदतीचा ताप आला. जवळच्याच दवाखान्यात ठेवले. ताई उशाशी, मी डबा पोचवणारी, आणि घरी उंदरांपाशी माय.

पहिल्याच दिवशी मायला अकरा नंबरची दया आली. तिने त्याच्या चारही माद्या काढून सात नंबरच्या लेकुरवाळ्या नराकडे दिल्या आणि याच्या पिंजऱ्यात वेगळ्या ठेवलेल्यांपैकी चार तरण्याताठ्या सोडल्या. "वांझोट्यांत राहून राहिला होता बिचारा," तिने मला समाधानाने सांगितले. प्रयोगात असे करत नाहीत, हे मला अर्धवट ठाऊक होते, पण मायपुढे बोलायची माझी छाती नव्हती.

महिन्याने भाऊजी काडीसारखे होऊन घरी आले आणि चप्पल न काढता पिंजऱ्यांपाशी गेले. सात नंबरकडे पिल्लांची नुसती वळवळ चालली होती. अकरा नंबरकडे सामसूम. "माय, हे काय केलं?" म्हणून ते मटकन खालीच बसले. तीन महिन्यांचे काम पाण्यात गेले, असे त्यांना वाटले.

"काय म्हणजे? बायका बदलल्या त्याच्या," माय म्हणाली. "लाल-हिरव्या पट्ट्याच्या चौघी तिकडं टाकल्या, पिवळ्या पट्ट्याच्या इकडं घातल्या. चाटून चाटून रंग उतरे, तसा मी पुन्हा लावे. एक पट्टा इकडचा तिकडं होऊ देल्ला नाही."

भाऊजींनी वही मागितली. माय बोट दाखवत गेली, ते लिहीत गेले. लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. मायही थांबली. तिने सात नंबरच्या पिंजऱ्यातल्या त्या चौघी बाळंतिणींकडे बराच वेळ पाहिले.

"म्हणजे या चौघींत खोट नव्हती?"

"नव्हती, माय."

"अन् नव्या देल्ल्या तरी याले झालं नाही. पण हा तं चांगला धडधाकट दिसते गा."

"दिसते," भाऊजी म्हणाले. "मीही दिसतो, माय. मी माझं तपासून पाहिलं. दोन वर्षं झाली. सांगायले तोंड नव्हतं."

मग मायने विचारले, "माझ्याकडून आलं का गा हे?" आणि आमचे भाऊजी, कुठल्याही प्रसंगी शास्त्र न सोडणारे, डोळे पुसत म्हणाले, "अर्धं बाबाकडूनही असू शकते."

माय उठून स्वयंपाकघरात गेली. ताई पोळ्या लाटत होती. "माह्या लेकातच खोट होती वं," माय म्हणाली, "अन् मी तुले सहा वर्षं बोलून राहिली." तिने ताईच्या हातातले लाटणे घेतले आणि तिला बाजूला बसवून उरलेल्या पोळ्या स्वतः केल्या. त्या पोळ्या जाडसर झाल्या होत्या. उमरेडला दुसऱ्या दिवशी निरोप गेला.

ती दोन वर्षे मी भाऊजींना कधीच पुरती माफ केली नाहीत, हेही लिहून टाकते. पण त्या दिवसानंतर चारचौघांत कुणी ताईकडे तसे पाहिले, तर ते आपणहून खणखणीत सांगत, "दोष माझा आहे," आणि समोरच्याला पळता भुई थोडी होई. निबंध लिहिला तेव्हा शेवटी आभार मानले: 'माझी आई, जिने प्रयोग बिघडवला म्हणून तो पुरा झाला.' छापताना संपादकाने तेवढेच वाक्य गाळले, याचे त्यांना जन्मभर दुःख होते.

आता माय नाही, भाऊजीही नाहीत. परवा ताईकडे गेले होते. दिवेलागण झाली होती, दोघीच बसलो होतो. इतक्या वर्षांत विचारले नव्हते ते मी विचारले, की मूल नाही याचे तुला वाईट वाटले का.

"वाटे ना वं," ताई म्हणाली. "याच वेळेले वाटे. मी गप्प झाली का त्यायले समजे. मग म्हणत, चाल, नवीन पिल्लं दाखवतो तुले. त्यायले वाटे, तेवढ्यानं माहं मन लागते." तिने देवापुढच्या दिव्याची वात जरा पुढे सारली. "लागे पण," ती म्हणाली.