शिंपी ना हा?

आमच्या गावाला वसंत ऋतू असतो हे मला निवृत्तीनंतर कळलं. शाळेत मराठी शिकवत होते तेव्हा दरवर्षी वसंतावरचे निबंध तपासायचे, आम्रमंजिरी आणि कोकिळेच्या कूजनाला मुकाट्यानं गुण द्यायचे, पण माझ्या लेखी मार्च म्हणजे कूलर खाली काढून त्यातला जुना वाळा फेकायचा महिना. आता मात्र माझ्या कपाटात ‘वसंत निसर्गफेरी’ असं पाठीवर छापलेला टी-शर्ट आहे. पोपटी रंगाचा. असे टी-शर्ट घातलेली एवढी मंडळी एकदम डोंगरात शिरली की तिथले खरे पोपट दुसऱ्या तालुक्यात निघून जातात.

या फेरीचे मार्गदर्शक म्हणजे आमचे हे. नोकरी पाटबंधारे खात्यात, काम धरणाच्या पायाचा खडक तपासायचं. पक्ष्यांचा नाद मात्र लहानपणापासूनचा. निवृत्त झाल्यावर वर्षभर हे बनियनवर टीव्हीसमोर बसून राहिले. दुपार झाली तरी दाढी नाही. मग कॉलनीतल्या एका हौशी संयोजकानं यांना फेरीला बोलावलं आणि घरात माणूस परत आला. शनिवारी संध्याकाळीच दाढी, बुटांना पॉलिश, पाण्याची बाटली भरून दाराशी. चालता चालता हे हात वर करायचे, सगळे थबकायचे. हे डोळे मिटून क्षणभर ऐकायचे आणि म्हणायचे, “शिंपी. करंजात आहे, खालच्या फांदीवर.” आणि तो तिथं असायचा. लोक टाळ्या वाजवायचे, शिंपी पळून जायचा.

मग यांचे कान गेले. एकदम नाही, बारीक आवाजापासून सुरुवात झाली. आधी दारावरची बेल गेली, मग कुकरची शिट्टी, मग मी. “तू तोंडातल्या तोंडात बोलतेस,” हे म्हणायचे. शेवटच्या बाकावरच्या झोपलेल्या पोरांना खडबडून जागं करणाऱ्या बाईला हे ऐकावं लागलं. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. तर म्हणे, आधी तुझी जीभ दाखव.

डोंगरावर ही गोष्ट पहिल्यांदा उघडी पडायची वेळ आली ती एका मार्चमध्ये. तारेवर वेडा राघू किणकिणत होता. कुणीतरी विचारलं, “सर, हा आवाज कुणाचा?” यांनी सवयीनं हात वर केला, डोळे मिटले, आणि मिटलेलेच राहिले. तो चेहरा मी इतक्या वर्षांच्या संसारात पाहिला नव्हता. हे घाबरले होते. पक्ष्यांत मला काडीचा रस नव्हता, पण इतके रविवार मागं मागं फिरून कानावर पडलं होतं तेवढं होतंच.

“अहो, वेडा राघू ना हा?” मी मोठ्यानं म्हणाले.

यांनी डोळे उघडले. “बरोबर. शिकलीस बाई अखेर!”

सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर आम्ही दोघांनी या विषयावर चकार शब्द काढला नाही, पण पुढच्या रविवारी हे निघताना म्हणाले, “तू पुढंच चाल माझ्याबरोबर.” त्यानंतर मी आठवडाभर दुपारची झोप सोडून यांच्या पक्ष्यांच्या आवाजांच्या जुन्या कॅसेट ऐकायला लागले. स्वयंपाकघरात, दार लावून.

वाक्याच्या शेवटी लागणाऱ्या या ‘ना’ची ताकद मला व्याकरण शिकवताना कधी दिसली नव्हती. ‘हा शिंपी आहे’ असं बाई म्हणाली तर ती आगाऊ. ‘शिंपी ना हा?’ म्हणाली की तीच बाई नवऱ्याची विद्यार्थिनी होते, तीही जरा मंद. उत्तर प्रश्नातच दिलेलं आहे हे पोपटी टी-शर्टांपैकी एकाच्याही लक्षात येऊ नये? नाही आलं. नवरा सांगतो आणि बायको विचारते, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की त्यांच्या कानांचा उपयोग यांच्या कानांएवढाच होता.

तशी मंडळी गुणी होती. लष्करी छावणीच्या भागातले एक निवृत्त गृहस्थ हातभर लांब लेन्सचा कॅमेरा घेऊन यायचे आणि पक्षी उडून गेला की, “अरे यार, फोकसही नहीं हुआ,” म्हणत आमच्याकडे असं बघायचे की जणू आम्हीच उडवला. बिडकीनकडच्या एकांचा प्लॉटचा धंदा होता. एकदा दोन काळ्या खडकांमधला लाल पट्टा दाखवून आमचे हे जीव तोडून सांगत होते. आधी एक लाव्हा थंड झाला, त्याची माती झाली, मग वरून दुसरा लाव्हा आला आणि ती माती भाजून लाल झाली. त्या गृहस्थांनी लाल माती चिमटीत घेऊन चोळली आणि म्हणाले, “काका, इथं खाली मुरूम लई भारी लागंल बघा. रस्ता कोणत्या अंगानं येणार हाय?” डोंगराचं एवढं मोठं आयुष्य एका ट्रॉलीत भरून मोकळे झाले.

माझ्यावर तर सगळ्यांचाच हक्क होता. एकदा गवतात वटवट्या बोलत होता आणि मी नेहमीप्रमाणे विचारलं, “अहो, वटवट्या ना हा?” लगेच कॅमेरेवाले म्हणाले, “भाभीजी, वटवट्या तर आपल्याबरोबरच फिरतोय की!” मंडळी पोट धरून हसली. हेही हसले. त्या दिवशी परतताना मी गाडीत यांच्याशी बोलले नाही, आणि मी बोलत नाहीये हे यांना शहर येईपर्यंत कळलं नाही.

यंदा संयोजकाच्या फोनमध्ये नवीन ॲप आलं. आवाज ऐकवला की पक्ष्याचं नाव सांगतं. संयोजक माझ्या मुलाच्या वयाचा, स्वभावानं वाईट नाही, पण त्याला प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ हवा असतो. पायथ्याशी उपीट खाता खाता तो मला म्हणाला, “काकू, पुढच्या वर्षीपासून ॲपवरच करायची फेरी, असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. पण मी म्हटलं, आपले सर ॲपला भारी पडतील. आज लावूच सामना. सर विरुद्ध ॲप!” माझ्या हातातलं उपीट तसंच राहिलं. हे थोड्या अंतरावर बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी यातलं अक्षरही ऐकलं नव्हतं.

वेरूळच्या लेण्यांच्या मागच्या डोंगरावर पांगारा फुलला होता. एक पान नाही, नुसती लाल फुलं. संयोजकानं यांना झाडासमोर उभं केलं, कॅमेरेवाल्यांनी कॅमेरा रोखला, बाकीच्यांनी गोल धरला. मी सवयीनं यांच्याजवळ जायला निघाले, तेवढ्यात संयोजक म्हणाला, “काकू, प्लीज, तुम्ही जरा मागं थांबा. तुमचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो. प्रश्न शेवटी विचारा.”

“व्हय काकू, आज सरांना खेळू द्या एकट्याला,” प्लॉटवाले म्हणाले आणि मला हातानं मागं जायची वाट करून दिली.

मी मागं गेले. पाठीवर पाठी, सगळ्यांवर ‘वसंत निसर्गफेरी’, आणि फटींतून दिसणारी यांची टोपी. पांगाऱ्यात बारीक, टोकदार चिवचिव सुरू झाली. संयोजकानं फोन वर धरला. फोनवर नाव उमटलं, ते त्यानं छातीशी झाकून घेतलं. “आता सर!”

यांनी हात वर केला आणि डोळे मिटले.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. ओरडले असते तर व्हिडिओत मीच आले असते आणि हे कायमचे गेले असते. नाही ओरडले तरी जाणारच होते. पक्षी इतका स्पष्ट बोलत होता की मला त्याचा राग आला. यांनी डोळे उघडून आजूबाजूला पाहिलं, मग टाचा उंचावून गर्दीच्या वरून पाहिलं. मला शोधत होते. आमची नजरानजर झाली. मग यांनी हात खाली घेतला.

“मला ऐकू येत नाही,” हे म्हणाले.

“शू!” संयोजक सगळ्यांवर खेकसला. “बडबड बंद करा! सरांना ऐकू येत नाहीये!” लगेच एकानं दुसऱ्याला गप्प केलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि ती मंडळी अशी चिडीचूप झाली जशी एवढ्या वर्षांत एकदाही झाली नव्हती. त्या शांततेत पक्षी आणखीच मोठा वाटायला लागला.

“तुमची बडबड नाही हो,” हे म्हणाले. आवाज जरा चढाच होता, ऐकू न येणाऱ्यांचा असतो तसा. “माझे कान गेलेत. दोन-तीन वर्षं झाली. पक्षी मी ओळखत नाही. ही ओळखते.”

मग प्लॉटवाले खो खो हसत सुटले. “काका, काकूला लई भेता राव तुम्ही!” त्यासरशी सगळे हसले. कॅमेरेवाले म्हणाले, “घर भी तो जाना है सर को!” एक बाई माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाल्या, “असा नवरा मिळायला नशीब लागतं.” खरं बोललेला माणूस समोर उभा होता आणि त्यांना तो बायकोला लोणी लावताना दिसत होता. मला भयंकर राग आला, आणि रागाहून जास्त रडू.

हे हसले नाहीत. संयोजक “सर, परत एक टेक घेऊ” म्हणत होता, त्याला तसंच सोडून हे गर्दीतून वाट काढत मागं आले. माझ्याशेजारी उभे राहिले, टोपी काढली आणि डावा कान माझ्याकडे केला.

“सांग,” हे म्हणाले. “विचारू नकोस, सांग.”

“शिंजीर आहे,” मी म्हणाले.