सुगंधाची वही

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, स्टाफरूममधल्या जुन्या सोबत्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला समोरून पाहत नाही आहात. ओळखीच्या माणसाकडे बघत हे बोलणं — ते मला अजून जमलेलं नाही.

मी इंग्रजी शिकवतो. कर्जतला, बावीस वर्षं. राहतो दहिवलीत. शाळेत जाता-येता रस्त्याला रिसॉर्टच्या पाट्या लागतात, आणि दर काही दिवसांनी त्यांवर नवा इंग्रजी शब्द आलेला असतो. स्टेकेशन. वर्केशन. डिजिटल डिटॉक्स. लोक वाचतात आणि पुढे जातात. मला मात्र दर वेळी तेच वाटतं — हा तिने कुठल्या पानावर लिहिला असता?

ती म्हणजे सुगंधा. दहा वर्षांपूर्वी आठवीत होती. ठाकुरवाडीच्या अंगाला डोंगरात त्यांची वस्ती, तिथून चालत शाळेत यायची. पायथ्याशी शहरातल्या लोकांसाठी तंबू बांधलेले होते. तिची आई शनिवार-रविवारी तिथे भांडी घासायला जायची आणि ही तिच्याबरोबर. पाहुण्यांच्या बोलण्यात नवा शब्द आला की ही सरळ जाऊन विचारायची, म्हणजे काय? मग वहीत लिहायची. शंभर पानी, तपकिरी कव्हरची वही. तिने तिचे भाग पाडले होते — जेवण, फोन, ऑफिस, सुट्टी. शेवटचा भाग 'लव्ह'. ते पान दुमडून तिने त्याला टाचणी लावली होती.

त्या वर्षी तालुक्याला इंग्रजी शब्दसंग्रहाची स्पर्धा होती. शाळेतून एकच मूल जाणार होतं. सुगंधाला जायचं होतं. तिने तसं मला दोनदा येऊन सांगितलं होतं, आणि तिसऱ्यांदा नुसतीच दाराशी उभी राहिली होती.

एक दिवस वर्गात मी म्हटलं, तुमच्या संग्रहातला एकेक शब्द सांगा. ती उठून म्हणाली, ग्लॅम्पिंग. मी अर्थ विचारला.

"जंगलात झोपायचं, सर. पण खाली गादी हाय, न् संडासात दिवा हाय."

वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "मंग आमी रोजच करतो की रं, गादी सोडून." वर्ग आणखी हसला. तीसुद्धा हसली. आणि मी? मला तो शब्द माहीत नव्हता — एवढंच होतं. माहीत नाही, बघून सांगतो, असं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "असा शब्द इंग्रजीत नाही. खाली बस." त्या दिवसापासून मुलं तिला 'ए ग्लॅम्पिंग' म्हणून हाका मारायला लागली. मी त्या ऐकत होतो. एकदाही कोणाला थांबवलं नाही.

मग स्पर्धेच्या निवडीसाठी मुलांच्या शब्दांच्या वह्या तपासायला घेतल्या. तिने आपली वही स्वतः आणून माझ्या हातात दिली. दुपारच्या सुट्टीत मी लाल पेन घेऊन बसलो आणि तिचे अकरा शब्द कापले. प्रत्येकासमोर लिहिलं, असा शब्द नाही. कापताना बरं वाटत होतं — हेही सांगायला हवं.

वही मिटल्यावर कुठेतरी शंका आली. फोन काढला. एकेक शब्द शोधला. अकराही होते. अर्थही तिने लिहिलेलेच. 'हँग्री'समोर तिने लिहिलं होतं, भुकेने येतो तो राग, माझ्या आईला संध्याकाळी येतो. इतका नेमका अर्थ मला कधी सांगता आला असता का?

लाल शाई पुसता येत नाही. निवड मुख्याध्यापक करणार होते, वही त्यांच्यापुढे जाणार होती. मी ती माझ्या पिशवीत टाकली.

शाळा सुटायच्या आधी त्यांनी तिला बोलावलं. मी तिथेच होतो. "हिची वही नाही?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "तिने दिलीच नाही."

"दिली, सर. तुमच्या हातात दिली."

मी हजेरीपट उघडून बघत राहिलो. "खोटं बोलू नये, बाळ," मुख्याध्यापक म्हणाले. रागावले नाहीत. ती माझ्याकडे बघत होती. तिलाही राग आलेला नव्हता — मला आठवेल, म्हणून ती थांबली होती. मग गेली.

स्पर्धेला दुसरा मुलगा गेला. सुगंधाने त्यानंतर माझ्या तासाला हात वर केला नाही. दहावीनंतर ती दिसलीच नाही.

गेल्या वर्षी कर्जतच्या बाजारात कोणीतरी हाक मारली. "सर, वळखलं का? मी ग्लॅम्पिंग." आणि स्वतःच हसली. तिथेच, त्याच तंबूंच्या जागी आता स्वयंपाकाला असते म्हणाली. मी विचारलं, नवे शब्द येतात का अजून?

"येतात ना. लय येतात. आता नाय लिवत." हातातली पिशवी तिने दुसऱ्या हातात घेतली. "सर, ती वही गावली का हो कधी? तुमच्याकडनंच हरवली आसंल. मला तवाच वाटलेलं. मोठ्या सरांना घाबरलं आसाल तुमी."

इतकी वर्षं तिने माझ्यासाठी हे कारण जपून ठेवलं होतं. खऱ्यापेक्षा कितीतरी चांगलं. आता तर कसली भीती होती मला? कोण विचारणार होतं?

"नाही गं," मी म्हणालो. "नाही सापडली."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि टेंपोत जाऊन बसली. बाजारापासून माझं घर दहा मिनिटांवर आहे. वही कपाटात होती.

अजून तिथेच आहे. मी ती काढून बसतो. मागची बरीच पानं कोरी आहेत. पाटीवर नवा शब्द दिसला की वाटतं, तिच्या अक्षरात तो इथे असायला हवा होता, आणि समोर तिच्या आईचं काहीतरी.

'लव्ह'च्या पानाची टाचणी मी त्याच दुपारी, शब्द कापताना, काढली होती. आत एकच शब्द होता. अकरावी काट त्याच्यावर आहे.