आकेनेसे काकू आणि बक्षिसी देणारा पाहुणा

आमच्या आकेनेसे काकूला कोणी काही दिलं की तिची झोप उडते. खोटं नाही सांगत. दवाखान्यातल्या नर्सबाईने एकदा तिला मलमाची डबी दिली, तर ही दुसऱ्या दिवशी भोपळा घेऊन हजर. नर्सबाई भोपळ्याबद्दल चार शब्द गोड बोलली, तर त्या गोड बोलण्यापायी डझनभर अंडी. शेवटी नर्सबाईनेच हात जोडले, "बाई, तुम्ही आजारीच पडू नका." वाडीत केळ्यांचा घड चोरताना एक जण सापडला, तर त्याला म्हणाली, "असा खांद्यावर नेलास तर शर्टाला चिकाचे डाग पडतील," आणि वर पोतं दिलं.

आता घेतलं की द्यायचं, आणि घेतल्यापेक्षा मूठभर जास्तच द्यायचं, ही आमच्या सगळ्या बेटाचीच रीत. नाहीतर गावात तोंड दाखवायची सोय नाही. पण बाकीच्यांची ती रीत आहे आणि काकूची ती खोड आहे. मी तिच्या नवऱ्याचा पुतण्या, इओपू. बस चालवतो. सकाळी गावातून धक्क्यापर्यंत आणि संध्याकाळी उलट. काकूला मी तिकीट मागत नाही, कारण तिकीट माफ केलं की ती तारोचे, म्हणजे आमच्याकडच्या अळूचे, कंद आणून माझ्या गिअरजवळ ठेवते आणि मला गिअर टाकता येत नाही. तिकीट घेतलं तर नातं बिघडतं. बोला, काय करायचं माणसाने?

काकूने समुद्राच्या काठावर तीन झोपड्या बांधल्यात, बिनभिंतींच्या, पर्यटकांसाठी. राहायचे-जेवायचे पैसे ठरलेले. लोक येतात, पैसे देतात, जातात. तो व्यवहार, त्याचा तिला त्रास नाही. त्रास झाला तो वेंडेल नावाच्या अमेरिकन म्हाताऱ्याचा.

वेंडेल पोस्टातून निवृत्त झालेला, लांबलचक, देवमाणूस. चार दिवस राहिला. सोमवारी रात्री सगळे पैसे चुकते केले. मंगळवारी सकाळी न्याहारी केली, पिशवी उचलली आणि माझ्या बसची वाट बघत रस्त्यावर उभा राहिला. काकू ताट उचलायला गेली, तर ताटाखाली वीस तालांची नोट. ताला म्हणजे आमच्याकडचा रुपया.

समोरच्या घरात काकूची नणंद राहते, सुलिआ. तिला दोन गोष्टी स्वच्छ दिसतात, समुद्रावरचे ढग आणि दुसऱ्याच्या घरातली फजिती.

"काय वहिनी, पाहुणा भेट ठेवून निघाला वाटतं!" ती तिथूनच ओरडली. "तुम्ही काय दिलंत?"

"हिशेबात चुकला असेल तो."

"चुकलेली नोट कोणी घडी घालून ताटाखाली ठेवत नाही हो!"

झालं. मी बस लावली, वेंडेल चढला, मी निघालो, आणि आरशात बघतो तर काकू रस्त्यावरून धावत येतेय. एका हातात टोपली, दुसऱ्या हातात चपला. टोपलीत आख्खी भाजलेली कोंबडी आणि नारळाच्या दुधात शिजवलेली तारोची पानं. थांबलो, करतो काय.

आमच्या बसमध्ये बाकं भरली की उरलेल्यांनी बसलेल्यांच्या मांडीवर बसायचं. वेंडेल खिडकीपाशी होता आणि त्याच्या मांडीवर तालिआ आजी होती. आजी वजनाने भारदस्त आहे. काकू त्या दोघांपर्यंत वाट काढत गेली आणि टोपली त्याच्या छातीशी टेकवली.

"तुमच्यासाठी."

वेंडेलचा चेहरा उजळला. त्याने आजीच्या खालून मोठ्या कष्टाने हात खिशात घातला, आणि काढली की हो पन्नासची नोट! काकूच्या मुठीत कोंबली आणि हसला.

आजी मांडीवरूनच म्हणाली, "अगं बाई, वाढवलं की याने!"

"इओपू, माझ्या भावाच्या घरापाशी थांब," काकू म्हणाली.

"काकू, बोट दोनला सुटते."

"मी तुला बोट कधी सुटते असं विचारलं का? थांब म्हटलं ना!"

भावाच्या घरातून ती डुक्कर घेऊन आली. आकाराने मध्यम, आवाजाने भयंकर. पाय बांधून आम्ही ते मधल्या वाटेत ठेवलं. वेंडेलला सांगितलं, हे पण तुमचंच. तो घामाघूम झाला.

"मी विमानात डुक्कर कसं नेऊ?"

"त्याचं अर्धं तिकीट काढ," आजी म्हणाली.

त्याने मला मागाहून सांगितलं, त्याला वाटलं बाई गरजू आहे, पैशांसाठीच एकेक वस्तू आणून देतेय, नाही कसं म्हणायचं? म्हणून त्याने शंभरची नोट काढली.

आता बस दोन तटांत विभागली. "माघार घे आकेनेसे, तो श्रीमंत आहे!" असं एक जण ओरडला. "तो श्रीमंत असेल, म्हणून मी काय भिकारीण झाले?" काकू कडाडली. मी म्हटलं, "काकू, पैसे परत दे आणि मोकळी हो." तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चर्चमध्ये शिवी दिली. भेट कोणी परत करतं का? मलाही कळतं. पण मला उशीर होत होता, माझं डोकं फिरलं होतं.

मग काकू गप्प झाली. काकू ओरडते तेव्हा मी घाबरत नाही. गप्प झाली की मी ब्रेकवर पाय ठेवतो.

"बस मागे वळव," ती म्हणाली. "चटई आणायचीय."

आता ही चटई म्हणजे बसायची नव्हे. केवड्याच्या जातीची पानं उकळायची, समुद्रात भिजवायची, उन्हात वाळवायची, सुतासारखी चिरायची आणि विणत बसायचं. काकू दोन वर्षं विणत होती. रेशमासारखी मऊ झाली होती. डिसेंबरात तिच्या मुलीचं, मासिनाचं लग्न. सासरची माणसं तालेवार, त्यांच्यासमोर मुलीकडून मांडायची ती ही एकुलती एक चटई.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी म्हटलं. "लग्नात काय मांडशील? माझी बस?"

"लग्न डिसेंबरात आहे. अब्रू आज दोन वाजता जातेय."

आणि तुम्हाला सांगतो, बसमधल्या एकाही माणसाने तक्रार केली नाही. ज्यांना बाजारात जायचं होतं, दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, सगळे म्हणाले, "वळव रे वळव!" मेले, मजा बघायला मिळत होती ना.

दोनला दहा कमी असताना धक्क्यावर पोचलो. काकू उतरली, चटई खांद्यांवरून पूर्ण उलगडली आणि वेंडेलसमोर उभी राहिली. वाऱ्याने चटईच्या कडेची लाल पिसं हलली. धक्क्यावरचे हमाल, भाजीवाल्या, तिकीटवाला, सगळे एका आवाजात ओरडले, "साओ!" अशी चटई दिसली की आमच्याकडे असंच ओरडतात. मीही ओरडलो. राग असला तरी चटई ती चटई.

आणि वेंडेलचा हात निघाला खिशाकडे.

मी उडी मारली आणि त्याचं मनगटच धरलं. ऑकलंडला सहा वर्षं बस चालवलीय, इंग्रजी येतं मला.

"आजोबा, हात बाहेर!"

"अहो, पण बक्षिसी—"

"बक्षिसी गेली खड्ड्यात! तुम्ही वीस दिलेत, तिने कोंबडी दिली. पन्नास दिलेत, डुक्कर दिलं. शंभर दिलेत, पोरीच्या लग्नाची चटई आणली. आता अजून काही दिलंत, तर तिच्याकडे द्यायला पोरगीच उरलीय!"

म्हातारा पांढराफटक पडला. खिशातून एक छोटं पुस्तक काढून दाखवलं. कुठल्या देशात कोणाला किती द्यायचं, सगळं त्यात लिहिलेलं. "इथलं पान वाचलं होतं मी," तो म्हणाला. "लिहिलंय, देऊ नका. पण माझी मुलगी तिकडे हॉटेलात वाढपी आहे. पगार नावालाच, लोक ताटाखाली ठेवून जातात त्यावर तिचं घर चालतं. ताट तसंच सोडून उठायचं म्हणजे मला चोरी केल्यासारखं वाटतं."

मी काकूला सांगितलं. तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे लोक विसरले तर पोरगी उपाशी?"

"तसंच काहीसं."

"अरे देवा. मग एका कोंबडीवर काय भागवलं मी! दोन द्यायला हव्या होत्या."

वेंडेल म्हणाला, "बाईंना सांगा, चटई परत न्या, मुलीची आहे." हे मी सांगितलंच नाही. दिलेली चटई परत करणं म्हणजे तोंडावर थुंकणं. मी त्याला म्हटलं, "घ्या, डोक्याला लावा, आभार माना, आणि बदल्यात काही म्हणजे काही देऊ नका. जमेल?"

जमेल म्हणाला, पण काय हाल झाले त्याचे! चटई घेतली, डोक्याला लावली. हात आपोआप खिशाकडे जायला लागला की दुसऱ्या हाताने तो धरायचा. जन्मभर घरोघरी पत्रं वाटलेला माणूस, नुसतं घेऊन उभं राहणं त्याला ठाऊकच नव्हतं. तरी राहिला उभा. काकूचे डोळे त्याच्या खिशांवर. बोटीचा भोंगा वाजला, खिसे हलले नाहीत.

चटई डोक्यावर घेऊन तो बोटीवर चढला. जाताना डुक्कर मात्र मांडीवरची ओळख म्हणून तालिआ आजीला देऊन गेला. आजीचा चेहरा खाडकन उतरला. "आता मी काय देऊ याला?" म्हणत ती धक्क्याच्या टोकापर्यंत धावली आणि डोक्यावरची, चर्चला घालायची रविवारची टोपी तिने बोटीवर भिरकावली.

परतीच्या वाटेवर काकू माझ्या मागेच बसली होती.

"पाहिलंस ना इओपू? काही म्हणजे काही दिलं नाही त्याने."

"पाहिलं."

"हात कसे रिकामे होते! माझी अब्रू राखायला ऋण डोक्यावर घेऊन गेला. मोठा माणूस हो." मग खिडकीकडे तोंड करून घर येईपर्यंत मुसमुसत राहिली. वाईट वाटत होतं मला.

मासिना दारातच होती. "आई, पेटी उघडी का? चटई कुठाय?"

"पाहुण्याला दिली."

"आणि त्याने काय दिलं?"

"काही नाही."

मी मनात म्हटलं, आता भडका. पोरीने आत जाऊन पेटीचं झाकण लावलं. मग परड्यात गेली, कोयता घेऊन आली. "सहा महिने आहेत. पानं आजच कापायला घेते. एका बाजूने तू वीण, एका बाजूने मी."

तेवढ्यात रस्ता ओलांडून सुलिआ आली. काखेत चिरून तयार केलेल्या पानांचा हा मोठा भारा, तिने स्वतःसाठी वर्षभर जपलेला. टोमणा नाही, काही नाही. तिने तो भारा काकूसमोर पायरीवर ठेवला.

काकू भाऱ्याकडे बघत राहिली. मग हळूच तिची नजर कोंबड्यांच्या खुराड्याकडे वळली.

"वहिनी," सुलिआ म्हणाली, "उठायचं नाही. नुसतं घ्यायचं."

काकू अर्धी उठली होती. बराच वेळ तशीच अर्धी उभी राहिली. मग खाली बसली, दोन्ही हात पुढे केले, आणि घेतला.