त्याच्या कथेला मी टाचलेली चिठ्ठी

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. आधी नोकरीचं निमित्त होतं, मग पत्नीच्या आजारपणाचं. आता निमित्तंच उरली नाहीत.

तेव्हा मी एका मासिकाला कथा पाठवायचो आणि त्या परत यायच्या. सोबत छापील चिठ्ठी असायची, ‘साभार परत’. तिच्यावर ना लेखकाचं नाव, ना कथेचं. अशा बऱ्याच चिठ्ठ्या खणात साठल्या होत्या. लिहायला बसलो की त्याच आठवत आणि पहिलं वाक्यच खोटं वाटू लागे.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मित्राने एकदा डब्याच्या सुट्टीत वही पुढे केली. विहिरी खणणाऱ्या आपल्या वडिलांवर त्याने कथा लिहिली होती, पहिलीच.

"तुझं अक्षर चांगलं हाय गा. साफ उतरवून तुझ्या त्या मासिकाले पाठवून दे. माझं अक्षर तर मलेच वाचता येत नाही."

"पत्ता कोणाचा टाकू?"

"तुझाच टाक. परत आली तर घरचे हसतीन."

उतरवताना पहिल्याच पानावर मला कळलं, असं लिहिणं आपल्याला कधी जमणार नाही. तरी शेवटपर्यंत उतरवली, सुवाच्य अक्षरात. पोस्टात मात्र टाकली नाही. दोन महिन्यांनी खणातली एक चिठ्ठी काढून त्या कागदांना टाचली आणि त्याच्या हातात दिली.

त्याने ती दोनदा वाचली. "मले वाटतच होतं," म्हणाला. "आपलं काम नाही हे. तू लिही बाप्पा."

त्या दिवशी चहाही त्यानेच पाजला. पुढे त्याने कधी लिहिलं नाही. मला मात्र काही दिवस लिहिताना हलकं वाटलं. याची लाज मला अधिक वाटते.

गेल्या महिन्यात मनीषनगरहून प्रताप नगरला त्याच्या घरी गेलो, खरं सांगायचं ठरवूनच. त्याने नातीला हाक मारली.

"इकडे ये वं. हे लेखक हायेत. माझी कथा यायनंच पाठवली होती. दुसऱ्या कोणी हात नसता लावला."

"कशी होती हो कथा?" तिने मला विचारलं.

"चांगली होती. फार चांगली."

तो हसला. "माझं मन राखून राहिला वं हा. चांगली असती तर छापली नसती?"

बोलायची वेळ तीच होती. मी बशीतले पोहे संपवले. फाटकापर्यंत तो सोडायला आला, "येत जा" म्हणाला, आणि मी नुसती मान हलवली. घरून दोनच वाक्यं पाठ करून नेली होती. तुझी कथा मी पाठवलीच नव्हती. मला माफ कर.