शोकेसमधला मातीचा वीर

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी तेव्हाचे माझेच हसू येते. मी डिचोली पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होते. वय पंचावन्न, गणवेशाला अशी इस्त्री की खुर्चीत बसताना कापड कुरकुरायचे, आणि डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली: माणूस बघितला की मला कळतो. आता लेकीची मुले माझ्या डोळ्यांदेखत डब्यातली बिस्किटे पळवतात आणि मला पत्ता लागत नाही. तेव्हाही बहुधा असेच चालले असणार. फक्त खांद्यावर तारे होते म्हणून कोणी सांगत नव्हते.

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. श्रावण लागला होता. सुर्ल्याहून एक गृहस्थ सकाळीच ठाण्यात आले. मूळचे सावंतवाडीकडचे, तरुणपणी टिपर, म्हणजे खनिजाचे ट्रक, चालवायला आले, पुढे स्वतःचे दोन टिपर केले आणि इथलेच झाले. आता दोन्ही टिपर अंगणात उभे होते, त्यांतल्या एकावर दोडक्याची वेल चढली होती. फिर्याद अशी, की घरातला एक पुतळा चोरीला गेला आणि त्याच्या जागी कोणीतरी खोटा पुतळा ठेवला.

देवाचा का, असे मी विचारले. ते जरा लाजले. म्हणाले, "नाय बाईसाहेब. ते सिनेमातले असतत ना, उडणारे, मुखवटेवाले. माझ्या झिलाचे."

झील म्हणजे मुलगा. एकुलता. खाणी थांबल्या तसा तो परदेशी प्रवासी बोटीवर कामाला लागला. वर्षातले नऊ महिने पाण्यावर, दोन-तीन महिने घरी. पगारातून त्याने हे महागडे पुतळे जमवले होते, प्रत्येकाच्या बुडाला क्रमांक असलेले, मोजकेच काढलेले. बाप आधी त्यांना बाहुले म्हणायचा. मग मुलगा घरी नसण्याचीच सवय होत गेली आणि बापाला बाहुल्यांची माया लागली. गणेश चवथीला मुलगा येणार, त्याच्या आधी बाहेरच्या सालात, म्हणजे बैठकीच्या खोलीत, काचेची मोठी शोकेस करायची आणि त्याला चकित करायचे, असे त्यांनी ठरवले होते. कुठला पुतळा कुठे ठेवायचा हे आपल्याला कळत नाही, म्हणून म्हापशाहून एक जाणकार बोलावला. तिथे भांडे फुटले.

मी पंचनाम्याला गेले. त्या खोलीच्या उंबऱ्याशी आले, समोर टेबलावर ओळीने अकरा मूर्ती दिसल्या, आणि मी बूट काढले. हवालदार माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानेही काढले. साहेब काढतात म्हटल्यावर काय करणार? अशा रीतीने आम्ही दोघांनी मोज्यांवर उभे राहून पंचनामा केला.

जाणकार म्हणजे तिशीतला एक शांत माणूस. हातात सुती मोजे, खिशात छोटी बॅटरी. त्याने मला परीक्षा कशी करतात ते सगळे दाखवले. आधी पुतळा उचलून वजन घ्यायचे. मग बुडाचा क्रमांक. मग हात, मान, अंगरख्याच्या घड्या, जिथे सांधा असतो तिथे बॅटरी तिरपी धरून बघायचे, कारण डागडुजी केलेला रंग वेगळा चमकतो. कुठला डोळ्यांच्या उंचीवर ठेवायचा, कुठला खाली, कुणाला खिडकीच्या उन्हापासून लांब. हे सांगताना तो पुतळ्यांविषयी असे बोलत होता, जसे लग्नघरात पाहुण्यांना कुठे बसवायचे ते ठरवतात.

मधला पुतळा त्याने वेगळा काढला होता. एक गुडघा टेकून बसलेला मुखवटाधारी वीर, पाठीवर उडता अंगरखा. "नखाने वाजवून बघा," तो म्हणाला. बाकीचे टणक वाजत होते, हा बद्द. बुडाला क्रमांक नव्हता. त्याने ओले फडके बुडाला फिरवले आणि मला दाखवले. फडक्यावर चिखल होता.

"चिकण माती आहे, बाई. आणि ह्याचे डोळे बघा. ह्याच्या मुखवट्यातले डोळे नुसते पांढरे असतात. इथे कोणीतरी बुबुळे काढली आहेत. हा शोकेसमध्ये ठेवता येणार नाही. बाकीच्यांची किंमत जाईल."

मी वाकून बघितले. काळेभोर, पाणीदार, किंचित खाली झुकलेले डोळे. पेडण्याला आमच्या घरी चवथीला जे डोळे माझ्याकडे बघतात, तसेच. मी तिथल्या तिथे जाहीर केले की हे गणपती करणाऱ्या माणसाचे काम आहे. हवालदाराने वहीत टिपून घेतले. माझी छाती फुगली. तेवढे मात्र बरोबर होते, बाकी सगळे चुकायचे होते.

फिर्यादीचा जबाब घेतला. जाणकाराचा घेतला. शोकेस करणाऱ्या सुताराचा घेतला, वीज जोडणाऱ्याचा घेतला, शेजाऱ्याचा घेतला. फिर्यादीच्या बायकोने सगळ्यांना चहा दिला. चांगला होता, आलं घातलेला. मी दोनदा मागून घेतला.

खबर आली पोदेराकडून. सायकलवर पाव घेऊन दारोदार जाणाऱ्या ह्या माणसाएवढा चांगला खबऱ्या मी नोकरीत दुसरा बघितला नाही. तो रोज प्रत्येक दारात थांबतो आणि त्याच्याशी कोणी जपून बोलत नाही. आमोण्याच्या एका चित्रशाळेत, म्हणजे गणपतीच्या कारखान्यात, मूर्तींच्या रांगेत एक उंदीर नसलेला आणि सोंड नसलेला माणूस गुडघ्यावर बसलेला त्याने दोन महिन्यांपूर्वी बघितला होता. त्याला वाटले, कोणी नवीन देव आला.

चित्रशाळेचा मेस्त, म्हणजे मूर्तिकार, सत्तरीचा, काटकुळा, हात कोपरापर्यंत मातीचे. मी विचारले तसे त्याने लगेच कबूल केले.

"मी केलंय. फोटो बघून केलंय. आठ दिस लागले."

"कोणासाठी?"

"ता नाय सांगूचंय."

"मूळ पुतळा कुठे आहे?"

"माका ठावक नाय. माका फोटो दिल्यानी, मी घडवलंय. चोरी केली नाय."

"फोटोत डोळे रिकामे आहेत. तू बुबुळं कशाला काढलीस?"

इथे मात्र तो दुखावला. म्हणाला, "बाय, पन्नास वर्सां मूर्ती करतंय. आंधळी एक पण भायर दिली नाय."

मी त्याला ठाण्यावर चौकशीला बोलावले. दोन दिवस, सकाळी यायचे, दिवस मावळता जायचे. बाकावर बसवून ठेवायचे, मध्येच उठवून तेच प्रश्न विचारायचे. ह्याला मी तेव्हा तंत्र म्हणत असे. मारहाण मी कधी केली नाही, त्याचा मला अभिमान होता. माणसाला बसवून ठेवणे हासुद्धा एक मारच असतो, हे अभिमानाच्या आड दिसत नव्हते. त्याने मला एकदाच विनंती केली. चित्रशाळेत चाळीसेक गणपती ओले आहेत, दुपारी फडकी भिजवायला कोणी नाही, ऊन पडले तर मातीला चिरा जातील. मी म्हटले, मग नाव सांग आणि जा. तो परत बाकावर जाऊन बसला. त्या दोन्ही दिवशी नेमके लख्ख ऊन पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फिर्यादीची बायको ठाण्यात आली. एकटी, बसने, हातात डबा. मला वाटले नवऱ्याने काही निरोप दिला असेल. ती माझ्याकडे न येता सरळ बाकाकडे गेली, मेस्तापुढे डबा ठेवला आणि म्हणाली, "जेवून घेवा. आणि घरा जावा." मग माझ्याकडे वळली. "ह्यांका सोडा, बाईसाहेब. पुतळो मी फोडलंय."

रेकॉर्डला ही केस मी उलगडली असे आहे. ती त्या बाईने उलगडली, डबा घेऊन येऊन. मी स्वतः बाई, आणि त्या घरात पाच माणसांचे जबाब घेतले, फक्त बाईचा घेतला नाही. तिचा चहा घेतला.

तिला मी आतल्या खोलीत नेले. तिने सांगितले ते असे. मुलगा बोटीवर गेल्यापासून रोज सकाळी ती पुतळे पुसायची. पुसताना त्यांच्याशी बोलायचीही. घरात दुसरे बोलणार कोण? हे दिवसभर टिपरकडे बघत बसायचे. गुडघ्यावर बसलेला तो पुतळा मुलाने पहिल्या पगारातून घेतला होता. तोच एका सकाळी हातातून निसटला. मान वेगळी, हात वेगळा.

"मग तुकडे कुठे आहेत?" मी विचारले.

ती गोंधळून माझ्याकडे बघू लागली, जणू मीच वेड्यासारखे विचारते आहे. "भंगलेली मूर्ती घरात कशी ठेवणार? नार्व्याक नेलंय. सोमवार होतो. नव्या फडक्यात बांधलंय, फूल ठेवलंय, तांदूळ ठेवलंय, आणि न्हयत सोडलंय."

हवालदार दारात उभा होता. मुद्देमाल नदीत असल्यामुळे पाणबुड्या बोलवायचा का, असे त्याने गंभीरपणे विचारले. मी त्याला चहा सांगायला पाठवले.

पुढचे तिने फार हळू सांगितले. बोट बंदराला लागली की मुलगा फोन करायचा. ह्यांच्याशी दोन शब्द, मग आईशी तासभर. आणि दर वेळी शेवटी हसत विचारायचा, माझो पयलो कसो आसा? तिला खोटे बोलता येत नव्हते. म्हणून तिने फोनवर येणेच बंद केले होते. कधी देवळात, कधी न्हाणीघरात, कधी डोके दुखते. दोन महिने झाले होते. शेवटच्या फोनवर त्याने बापाला सांगितले होते, आईला माझ्याशी बोलायचे नसेल तर चवथीला येऊन काय करू, बोटीवरच मुदत वाढवून घेतो.

"मेस्ताचो पुतळो ठेवलंय, पण माझो आवाज खंयसून आणू?" ती म्हणाली.

मी मेस्ताला सोडले. बाईला जीपमध्ये घेतले आणि सुर्ल्याला गेले. तिने नवऱ्यासमोर उभ्या उभ्याच सांगून टाकले. तो माणूस रागावेल म्हणून मी तयारीत होते. त्याने आधी तिला खुर्ची पुढे केली. मग म्हणाला, "माका वाटला, तुमचा मायलेकरांचा काय तरी बिनसला. मी कोणाक विचारणार?"

मी म्हटले, फोन लावा. ते म्हणाले, आपण लावून लागत नाही, त्याचा यायला हवा. बोट कुठल्याशा बंदरात लागायची होती, दुपारनंतर. तर आम्ही बसलो. मी माझ्या नोकरीत पुष्कळ सापळे लावून बसले आहे, पण इतकी वाट कधी बघितली नाही. बाईने दोनदा पदराने टेबल पुसले. साडेचारच्या सुमारास फोन वाजला. बापाने तो सरळ बायकोच्या हातात दिला.

"बाबू," ती म्हणाली, "तुझो पयलो माझ्या हातातसून पडलो. फुटलो. आता नाय तो."

फोनचा आवाज मोठा होता, आम्हाला सगळे ऐकू येत होते. पलीकडे कुठेतरी भोंगा वाजला. ती डोळे मिटून उभी. मग तो म्हणाला,

"तुका खंय लागूक नाय मां?"

बस, एवढेच. तिने आपला हात फोनसमोर धरला, जणू त्याला तो दिसणार होता. अंगठ्यावर कापल्याची बारीक, जुनी झालेली रेघ होती. ती मलाही त्या दिवसापर्यंत दिसली नव्हती. "नाय रे बाबा," ती म्हणाली आणि खाली बसली. मी आणि हवालदार बाहेर अंगणात येऊन दोडक्याची वेल बघत राहिलो.

मुलगा चवथीला आला, हे मला नंतर पोदेराने सांगितले. कागदोपत्री 'सी' समरी पाठवली, म्हणजे फिर्याद गैरसमजातून दिली गेली, गुन्हा घडलेला नाही. जाणकाराने नियमाप्रमाणे दहाच पुतळे शोकेसला पात्र ठरवले. शोकेस मात्र अकराची केली होती. मधे कोण बसले ते वेगळे सांगायला नको.

मेस्ताच्या चित्रशाळेत सहा गणपतींना चिरा गेल्या होत्या. ते पुन्हा करावे लागले. मी आठ दिवस ड्युटी संपली की आमोण्याला जात होते आणि पायांनी माती तुडवत होते, साडी खोचून. त्याने मला क्षमा केली की नाही, ते विचारायचे धाडस झाले नाही. एवढेच म्हणाला की पोलीस असूनही माती बरी मळतेस.

त्या केसने मला शिकवले म्हणावे तर एवढेच. आम्ही पोलीस घरात शिरलो की काय गेले ते विचारतो, कोणी नेले ते विचारतो. त्या वस्तूवाचून कोणाचे अडले आहे, हे विचारत नाही. उरलेल्या नोकरीत मी चहा देणाऱ्या बाईला आधी समोर बसवून घेत असे, आणि मगच चहा. अर्धी कामे तिथेच व्हायची.

आता निवृत्त होऊन काही वर्षे झाली. गणवेश कपाटात आहे, इस्त्री मोडली आहे. सकाळी साताला अजून वाटते की जीप येईल. माझा मुलगाही लांब आहे, बोटीवर नव्हे, पण समुद्रापलीकडेच. तो वाढला तेव्हा मी ठाण्यात होते. त्याची शाळा, ताप, पडणे, रडणे, सगळे सासूबाईंनी बघितले. त्याला कुठे लागले आहे का, हे मी कधी वेळेवर विचारले असेन असे आठवत नाही. तो रविवारी फोन करतो. तब्येत बरी, पाऊस बरा, माडाला नारळ बरे, एवढ्यात आमचे संपते.

गेल्या रविवारी घरात काहीच फुटले नव्हते. तरी मी त्याला सांगितले की चहाची बशी हातातून पडून फुटली. आणि फोन कानाला घट्ट धरून, तो काय विचारतो त्याची वाट बघत राहिले.