मेंढरांचा पिच्चर

"हे समदं वितळल्यावर जातं कुठं?"

टीव्हीवर बर्फ पडायला लागलं की मावशींचं बोट वर जायचं आणि हा प्रश्न यायचा. बर्फ झाडावर पडो, चर्चच्या कळसावर पडो नाहीतर नायिकेच्या टोपीवर, प्रश्न तोच. समोर राहणाऱ्या सिस्टर सांगायच्या, "नदीला जातं, मावशी." मग मावशी हळहळायच्या. "घरावर एवढं पडू लागलंय आन् एकजण हंडा लावंना. कसली मानसं म्हनायची!"

तुम्ही नाताळच्या सुट्टीत घरी बसून सिनेमे पाहत असाल, तर तुमच्याही आवडीचे दोन-चार ठरलेले असतील. दरवर्षी तेच लावायचे, त्याच जागी हसायचं आणि त्याच जागी डोळे पुसायचे. माझेही ठरलेले आहेत. पण ते मी निवडलेले नाहीत. आयुष्यभर मेंढरं राखलेल्या एका बाईनं ते निवडले, आणि त्या बाईला इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं.

तेव्हा आम्ही पुंडलिकनगरला राहत होतो. आठ बिऱ्हाडांची इमारत. आजूबाजूला रोज कुठला ना कुठला स्लॅब पडत होता, आणि पाऊस मात्र दुसऱ्या वर्षीही आला नव्हता. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही आलं तर. बाकी सगळी भिस्त टँकरवर. टँकरचं पाणी खालच्या हौदात पडायचं आणि तिथून मोटारीनं गच्चीवरच्या आठ टाक्यांत चढायचं. कुणाच्या टाकीत किती चढलं यावरून इतकी भांडणं झाली, की शेवटी आठही घरांनी मिळून व्हॉल्व्हचा ताबा जिन्याखालच्या खोलीत राहणाऱ्या मावशींकडे दिला.

मावशी सोयगावकडच्या, धनगराच्या घरातल्या. नवरा वारला, मग दुष्काळात चारा मिळेना, कळप विकावा लागला आणि स्लॅबच्या सेंट्रिंगचं काम करणाऱ्या मुलाच्या मागं त्या शहरात आल्या. मुलगा बहुतेक कामाच्या जागीच मुक्कामाला असायचा. साठीच्या असतील. उंच, काटक, अंगावर हिरवं नाहीतर लाल लुगडं. वाचता येत नव्हतं म्हणून त्यांनी आठ व्हॉल्व्हना आठ रंगांच्या चिंध्या बांधल्या होत्या. टाकी भरली का हे बघायला त्या गच्चीवर कधी गेल्या नाहीत. खालीच पाइपाला कान लावायच्या. "आलं आता गळ्याशी," म्हणायच्या आणि व्हॉल्व्ह फिरवायच्या. एकदाही टाकी वाहिली नाही.

पहिल्या मजल्यावर एक निवृत्त साहेब होते. एकदा घरी पाहुणे आले म्हणून त्यांनी मावशींना दहा मिनिटं जास्त पाणी सोडायला सांगितलं. मावशी शांतपणे म्हणाल्या, "सायब, मेंढरं पान्यावर नेली की दांडगं आधी घुसतंय. त्याला काठीनं मागं सारावं लागतं. मंग बारकी पितात." साहेब दोन दिवस बायकोला विचारत होते, की हे दांडगं म्हणजे नेमकं कोण.

सिस्टर माझ्या समोरच्या दारात राहायच्या. नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या, एकट्याच. डिसेंबर अर्धा सरला की त्यांच्या गॅलरीत कागदी चांदणी लागायची, आणि त्या दिवसापासून नवं वर्ष उजाडेपर्यंत रोज संध्याकाळी त्यांच्या सीडी प्लेअरवर नाताळचा एक सिनेमा. मी टेलिफोनच्या कचेरीतून सुटून थेट तिथंच जाऊन बसायचे. केक आणि करंज्या हे दुसरं कारण.

पहिल्या वर्षी मावशी फक्त निरोप द्यायला आल्या होत्या. "शिस्टरबाई, तुमची टाकी झाली," असं म्हणून वळणार, तेवढ्यात टीव्हीवर त्यांना बर्फात रुतलेली आगगाडी दिसली. त्या दारात थबकल्या. पाच मिनिटांनी उंबऱ्यावर टेकल्या. गाडीतल्या बायका कोळशाच्या शेगडीवर सूप करायला लागल्या, तोवर मावशी आत येऊन सतरंजीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि माझ्या बशीतली करंजी त्यांच्या हातात होती.

मग रोजच येऊ लागल्या. सिनेमांची नावं त्यांनी आपल्या सोयीनं ठेवली. 'आगगाडीचा' त्यांना लई आवडायचा. एका डब्यात अडकलेली, आधी एकमेकांशी न बोलणारी माणसं शेवटी एकाच केकचे तुकडे करून खातात, एवढीच त्याची गोष्ट. मावशी म्हणायच्या, "बाहेर निघायला वाट नाय म्हनल्यावर मानूस सरळ व्हतंय बगा." 'आजारी पोरीचा' लागला की आधीच पदर डोळ्याला. 'कुत्र्याचा' मात्र त्यांना अजिबात पटला नाही. त्यातल्या कुत्र्याला लाल स्वेटर होतं. "सदरा घातलेलं कुत्रं राखन काय करंल? लांडगा हसंल त्याला."

लाल कपड्यांतला दाढीवाला म्हातारा पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्यो कुनाचा बाप?"

"सगळ्या लेकरांचा म्हणायचा," सिस्टर म्हणाल्या.

"मंग सोताच्या घरी कवा असतो?"

सिस्टरना इतकं हसू आलं, की त्यांनी सीडी थांबवली.

पण खरी लढाई चोवीस तारखेला व्हायची. त्या संध्याकाळी सिस्टर येशूजन्माचा सिनेमा लावायच्या. तो मराठी आवाजातला होता, त्यामुळे मावशींना शब्द न् शब्द कळायचा. त्याचं नाव 'मेंढरांचा पिच्चर'. डोंगरावर मेंढपाळ रात्री कळप राखत बसलेत, हे दृश्य आलं की मावशी गुडघ्यावर हात ठेवून पुढं सरकायच्या आणि तपासणी सुरू व्हायची. "ही मेंढरं आत्ताच धुतल्यात. डोंगरावरचं मेंढरू असं पांढरं नसतंय." "त्या पोरानं काठी उलटी धरली." "तो म्हातारा बराय. कोकरू कसं उचललं बगा, मागचे पाय धरून. त्यो खरा धनगर हाय."

मग आकाशात उजेड व्हायचा, देवदूत यायचा, बाळ जन्मल्याची वार्ता सांगायचा. मेंढपाळ उठून गावाकडे पळत सुटायचे. पहिल्या वर्षी या जागी मावशी ताडकन उभ्या राहिल्या.

"आन् मेंढरं?"

"काय मेंढरं?" सिस्टर म्हणाल्या.

"मेंढरं कुनाच्या हवाली केली? समदे निघाले की."

"देवानं राखली असतील, मावशी."

"देव तर तिथं गोठ्यात जन्मला म्हन्ता नं? मंग डोंगरावर कोन व्हतं?"

सिस्टरनी तीस वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना हीच गोष्ट शिकवली होती. असं कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी, ऐन नाताळात, त्यांनी पवित्र शास्त्र काढून तो उतारा मावशींना मोठ्यानं वाचून दाखवला. मावशींनी पूर्ण ऐकून घेतला. "मेंढराचं लिव्हलंच नाय," त्या म्हणाल्या. "लिव्हनारा धनगर नसंल."

दुसऱ्या वर्षीही हाच वाद, त्याच जागी. मला तर सिनेमापेक्षा त्याचीच ओढ लागली होती.

तिसरं वर्ष सगळ्यात वाईट गेलं. टँकर दोन-दोन दिवस उशिरा यायचा. चोवीस तारखेला दुपारी माझ्या घरी फोन वाजला. आमच्या घरी फोन होता म्हणून मावशींच्या माणसांना तोच नंबर दिलेला. सोयगावहून त्यांचे जावई बोलत होते. मावशींच्या मुलीचे दिवस भरले होते, दोन-चार दिवसांत बाळंत होईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "मामींना पाठवता का?" ते म्हणाले. मग म्हणाले, "तिनं सांगितलं नाय फोन करायला. मी आपल्या मनानंच केला."

मी खाली जाऊन निरोप दिला. मावशी मोटारीपाशी बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"आता कसं जमंल, ताई? टँकरचे दिस हायेत. आठ घरं हायेत माझ्यावर."

संध्याकाळी त्या नेहमीसारख्या सिनेमाला आल्या. मेंढरं आली, काठी उलटी धरणारा पोरगा आला, मावशींनी एकही चूक काढली नाही. देवदूत आला. मेंढपाळ उठले आणि निघाले. मी आणि सिस्टर मावशींकडे बघत होतो. त्या उठल्या नाहीत, काही विचारलं नाही.

सिस्टरनी सीडी थांबवली. "काय झालं, मावशी? बरं नाही का?"

त्या सतरंजीचा दोरा ओढू लागल्या. मग बोलल्या.

"माझ्या पोरीचं पहिलं बाळंतपन माहेरी व्हायचं व्हतं. पन आमचं माहेर कुठलं, तर मेंढरं जिथं बसतील तिथं. ती सासरीच राह्यली. तिचे दिवस भरले तवा मी चार कोसांवर नदीकाठाला व्हते. मेंढ्या इयाला आलेल्या. रोज दोन-चार कोकरं पडायची. बोलावनं आलं. मी म्हनलं, मेंढरं टाकून कशी येऊ?" त्यांनी नाक पुसलं. "पोरीचं लई अवघड झालं तवा. वाचली. नातू बी धडधाकट हाय. पन ती मला म्हनली, आई, तुला कोकरं जवळची. तवापासनं माझ्याकडं आली नाय. सात वर्षं झाली."

टीव्हीवर मेंढपाळ एक पाय उचललेले तसेच थांबले होते.

"ह्यांच्यावर मी उगं चिडते," मावशी त्यांच्याकडे बघून म्हणाल्या. "हे गेले. मी गेले नाय."

सिस्टर उठल्या. नोकरीत डॉक्टरांनाही ज्या आवाजात सुनवायच्या, तो आवाज मी त्या दिवशी ऐकला. "मावशी, त्या डोंगरावरची मेंढरं कुणी राखली ते मला माहीत नाही. तुमचे आठ व्हॉल्व्ह मी राखते. सकाळच्या पहिल्या एसटीनं तुम्ही सोयगावला जायचं."

"तुमचा उद्या सन हाय नं!"

"बाळंतपणं मी सणावाराला केली आहेत. पाणी सोडायला काय होतंय?"

आणि तेव्हाच, उरलेला सिनेमा तसाच ठेवून, मावशींनी खाली नेऊन सिस्टरना व्हॉल्व्ह शिकवले. कोणती चिंधी कुणाची, मोटार किती वेळ तापू द्यायची, पाइपाला कान कुठं लावायचा. सिस्टरना काही केल्या तो गळ्याशी आलेला आवाज ओळखू येईना. त्या वर गेल्या आणि स्टेथोस्कोप घेऊन आल्या. पाइपावर लावला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हां! आता कळलं." मावशींनीही कानाला लावून पाहिला. त्यांचा चेहरा असा उजळला, की तो परत द्यायला त्या तयार होईनात.

सकाळी मी त्यांना बसस्टँडवर सोडलं. हातात गाठोडं, त्यात सिस्टरनी दिलेली दुपटी आणि केक. "दांडग्यावर ध्यान ठेवा म्हनावं," एवढंच खिडकीतून सांगितलं.

नाताळच्या दिवशी, चर्चमधून आल्या आल्या, नव्या साडीवर ॲप्रन बांधून सिस्टर मोटारीपाशी खुर्ची टाकून बसल्या. स्टेथोस्कोप गळ्यात, घड्याळ हातात. साहेब खाली आले, सणाच्या शुभेच्छा दिल्या, आणि मग हळूच पाण्याचं काढलं. सिस्टरनी त्यांना समोर बसवून रक्तदाब तपासला आणि मीठ कमी करा असं सांगून परत पाठवलं. पाणी काही जास्त मिळालं नाही.

चौथ्या दिवशी फोन आला. पलीकडून मावशी ओरडून बोलत होत्या, जणू मधलं अंतर आवाजानंच कापायचं होतं.

"ताई, नात झाली! समदं बेस झालं! टँकर आला का?"

"आला, आला. तुमची लेक कशी आहे?"

"झोपलीय. मला हात सोडू देईना. एका हातानं फोन धरलाय." मग बाजूला कुणीतरी काहीतरी पुटपुटलं, आणि मावशी फोन तोंडापासून दूर धरून म्हणाल्या, "नाय गं, कुठं जात नाय. हितंच हाय मी."

मी फोन ठेवला आणि समोर जाऊन सिस्टरना सांगितलं. त्यांनी गॅलरीतल्या चांदणीचा दिवा भर दुपारी लावला.

मावशी सव्वा महिन्यानं आल्या, पण फक्त सामान न्यायला. मुलीनं त्यांना तिथंच ठेवून घेतलं होतं. व्हॉल्व्ह सिस्टरकडेच राहिले. पुढं पाऊस झाला, इमारतीला नवी पाइपलाइन आली, आमच्यामागचं मोकळं रान प्लॉट पडून संपलं. काही वर्षांनी जावयांचाच फोन आला आणि मावशी गेल्याचं कळलं.

पण त्याआधी एक नाताळ आम्ही सोयगावला केला. सिस्टर सीडी प्लेअर मांडीवर घेऊन एसटीनं आल्या. मुलीच्या घरी दुपारी लाईट होती तेवढ्यात आम्ही आगगाडीचा सिनेमा लावला. शेजारपाजारची दहा-बारा पोरं जमली होती. पाच मिनिटांत त्यांची कुरकुर सुरू झाली. हा पिच्चर चुकीचा आहे म्हणे. आजी सांगते त्यात गाडी अजिंठ्याच्या घाटात अडकते, डबा भरून शेळ्या असतात आणि ड्रायव्हर आजीच्या ओळखीचा असतो. तो कुठंय? सिस्टर त्यांना समजावत होत्या, की मूळ गोष्ट हीच. पोरं ऐकेनात. मोठा नातू तर आम्हालाच म्हणाला, "तुमी नीट पाह्यला नसंल."

मी हसत मावशींकडे वळले. त्या झोपल्या होत्या. भिंतीला टेकून बसलेल्या मुलीच्या खांद्यावर डोकं, तोंड जरासं उघडं, मांडीवर पेंगुळलेली नात. मुलगी एका हातानं पोरांना गप्प राहायची खूण करत होती आणि दुसऱ्या हातानं आईच्या डोक्यावरचा पदर सारखा करत होती.

सिस्टरनी टीव्हीचा आवाज बारीक केला.