पेणचे अर्थिंगमामा

अर्थिंगमामांच्या दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाला आधी खिडकीच्या गजाला हात लावावा लागे. मग तो मोठा साहेब असो, नाहीतर रंगाने हात बरबटलेला मूर्तिकार. "हात लाव, मग बोल," एवढंच मामा म्हणत, तेही मान वर न करता. त्या गजाला मागच्या बाजूने तांब्याची जाड तार जोडलेली होती आणि ती परसातल्या एका खड्ड्यात उतरत होती. खड्ड्यात कोळसा आणि मीठ. मीठसुद्धा वाण्याकडचं नाही, धरमतरच्या खाडीवरच्या आगरातलं जाडं मीठ. मामा मूळचे तिकडचेच. माणसाच्या अंगावर साठलेली वीज त्या खड्ड्यात उतरली, की मगच त्याने कॉम्प्युटरच्या आसपास यावं, असा त्यांचा कायदा होता. दुकानाच्या पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण ती पाटी वाचायच्या फंदात कोणी पडत नसे.

आता पेणसारख्या गावात दारातच एका गोष्टीला हात लावून आत जायचं म्हटल्यावर लोकांना दुसरं काय सुचणार? खेड्यातून आलेल्या बाया गजाला हात लावून तो कपाळाला लावायच्या. एका शनिवारी कोणीतरी त्याला तेलाचा हात फिरवून वर हळदकुंकू लावून गेलं. मामांनी पॉलिशपेपर घेऊन गज घासायला काढला. पुढच्या शनिवारी ती बाई हाती लागली, तेव्हा मामा म्हणाले, "देव नाय तो बाय, लोखंड हाय. तेल लावलास तर वीज उतरेल कुठनं?" बाई "व्हय व्हय" म्हणाली, गजाला नमस्कार केला आणि चालू लागली. नंतर मामांनी समजावणं सोडलं. दर रविवारी ते निमूट गज घासत बसत.

उन्हाळ्यात खड्ड्यातली माती सुकू नये म्हणून ते रोज दोन बादल्या पाणी ओतत. शेजारचे विचारत, "मामा, काय लावलंय हो? उगवत तर काहीच नाही." मामा उत्तर देत नसत. माणसांना न दिसणारी गोष्ट पटवून देण्यात त्यांची उमर गेली होती आणि माझ्या ओळखीत ते आले तेव्हाच त्या कामाला पुरते कंटाळले होते.

त्यांच्या वर्षात सुखाचा असा महिनाच नव्हता. "पावसात बुरशी खाते, थंडीत ठिणगी खाते. आमी झोपायचा कवा?" दिवाळीनंतर हवा कोरडी पडू लागली की त्यांचा चेहरा उतरायचा. भर पौषात ते धुवून विरलेला सुती सदरा घालून कुडकुडत बसत, पण अंगाला लोकर लावत नसत. स्वेटर घातलेलं गिऱ्हाईक आलं तर त्याला बाहेरच थांबवत. हार्ड डिस्क धरायची ती कडांना, पोहे खाताना बशी धरतो तशी. खालच्या हिरव्या पट्टीला बोट लागलं की ओरडा बसलाच. "तुला चटका बसला म्हंजे ती ठिणगी लय मोठी. तुला कळत पन नाय येवढीशी पुरते तिला मारायला," हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की मला ते झोपेतही म्हणता आलं असतं.

मी रोह्याच्या एका लहानशा संस्थेत कागदपत्रं सांभाळत असे. डोंगरातल्या वाड्यांवरच्या लोकांचे वनजमिनीचे दावे तयार करून द्यायचं आमचं काम. उतारावरच्या त्यांच्या शेताला इकडे दळी म्हणतात. दळी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली, पण कागद एकही नाही. मग वाडीतल्या जुन्या माणसांचा जबाब लागतो: अमक्याचा आजा इथपासून इथपर्यंत पिकवत होता, मी डोळ्यांनी पाहिलंय. असे चार म्हाताऱ्यांचे जबाब आम्ही घेतले होते, अंगठ्यांसकट. ते दाखल व्हायच्या आत नदीचं पाणी कचेरीत कमरेपर्यंत चढलं आणि कागदांचा लगदा झाला. वाचले ते फक्त माळ्यावर चढवलेल्या कॉम्प्युटरमधले त्यांचे फोटो आणि बोलण्याचं रेकॉर्डिंग. चारांपैकी धर्मी आजी त्याच वर्षी गेली. वाडीतल्या किसनच्या दळीची हद्द तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती.

मामा दर मंगळवारी पेणहून गाडीने रोह्याला येत, चार-पाच कचेऱ्यांचे कॉम्प्युटर बघत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. आमच्याकडे आले की पहिला प्रश्न ठरलेला, "दुसरी कॉपी?" मी म्हणायची, "करते." त्यावर ते लांब श्वास सोडत. "'करते' नावाची कॉपी रोह्यात घराघरांत हाय." हार्ड डिस्क ठेवायला त्यांनी मला एक करडी-चंदेरी पिशवी दिली होती, वीज आत जाऊ न देणारी. तशा पिशव्या ते सगळ्यांना देत. कोणी त्यात बांगड्या ठेवी, कोणी शेव. माझीत माझं रेशनकार्ड होतं.

पुरानंतरच्या जानेवारीत कचेरीत नवा कॉम्प्युटर आला. मामा म्हणाले, "जुन्यातली डिस्क मी मंगळवारी काढीन. तोवर हात लावू नको." शनिवारी जुन्या कॉम्प्युटरचा डबा न्यायला भंगारवाला येऊन उभा राहिला. त्याला परत पाठवायचा, पुन्हा फोन करायचे, पुन्हा त्याची वाट बघायची, या सगळ्याचा मला विलक्षण कंटाळा आला आणि मी स्वतःच डिस्क काढली. अंगात स्वेटर, नेसूची साडी नायलॉनची. डिस्कवर धूळ होती म्हणून ती पदराने पुसलीसुद्धा. पुसताना बोटाला बारीकसा चटका बसला. नव्या कॉम्प्युटरला जोडली तर आतून टकटक असा आवाज. मामा सांगत, टकटक ऐकलीस की वीज बंद कर आणि लांब हो. मी चार वेळा चालू-बंद करून पाहिली. माणूस घाबरला की शिकलेलं सगळं विसरतो, असं म्हणतात. मला तर सगळं आठवत होतं आणि तरी मी ते करत होते.

संध्याकाळी डिस्क घेऊन घरी, रोह्याजवळच्या वरशाला आले. शेजाऱ्यांनी माघी गणपतीसाठी पेणहून मूर्ती आणली होती आणि तिचा रिकामा खोका ओटीवर पडला होता. मूर्तीला जपतात तसं डिस्कला जपावं, एवढंच माझ्या डोक्यात. मी ती प्लास्टिकच्या कागदात गुंडाळली, खोक्यात ठेवली, चारी बाजूंनी थर्माकोलचे दाणे दाबून भरले आणि सोमवारी पहिल्या गाडीने मांडीवर घेऊन पेणला गेले. गजाला हात लावायला विसरले नाही. मामांनी खोका उघडला. दाणे उडून त्यांच्या हाताला, सदऱ्याला, डिस्कला चिकटले. झटकले की पुन्हा येऊन चिकटत. ज्या विजेपायी त्यांनी जन्म घालवला तिचा खोकाच मी भरून आणला होता. 

"गनपती आनलास काय गो?" ते म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त दमलेले दिसले.

अकरा दिवस मामा त्या डिस्कमागे होते. तिच्या खालची पट्टी जळली होती. तशीच पट्टी त्यांनी अडगळीतल्या जुन्या डिस्कवरून काढून तिला बसवली. पण आतलं वाचणारं टोकही भाजलं होतं. ते थोडं वाची, तापे, अडून बसे. मामा तिला थंड होऊ देत, पुन्हा थोडं वाचून घेत. बाकी सगळी कामं त्यांनी परत पाठवली. मी फोन केला की म्हणत, "जिवंत हाय. बोलू नको जास्त."

बाराव्या दिवशी मी गेले तेव्हा किसनही माझ्यासोबत आला. वाडीवर एवढंच माहीत होतं की कॉम्प्युटर बिघडलाय आणि पेणला दुरुस्तीला आहे. मामांचे डोळे लाल झाले होते. तिघांचे जबाब निघाले, ते म्हणाले, फोटो आणि बोलणं सगळं. मग ते किसनकडे वळले. खोटी आशा त्यांनी आयुष्यात कोणाला दिली नव्हती. "धर्मीबायचा नाय निघाला. आता निघनार पन नाय."

किसनने वाकून डिस्क पाहिली. मग त्याने विचारलं, "कशानं गेला, मामा?"

मी मामांकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "माज्या हातनं झाला," ते म्हणाले. "अंगावरची वीज उतरवायची ऱ्हायली."

मी बोलले नाही. त्या क्षणी बोलायला हवं होतं हे मला कळत होतं. पण तोंड उघडेना, आणि मग तो क्षण गेला. परतीच्या गाडीत किसन खिडकीशी बसून नागोठण्यापर्यंत बाहेर बघत होता आणि मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं होतं.

पुढच्या मंगळवारी मी मामांना विचारलं, असं का केलंत. ते आमच्या कचेरीतल्या स्टुलावर बसून चहा फुंकत होते. "तुला त्या वाडीवर परत जायाचा हाय, मला नाय. वाडीचा तुज्यावरचा भरवसा गेला तर बाकीच्यांचं पन कागद अडकतील." मग कप ठेवून म्हणाले, "पन तू त्याला सांगायचा हां. तुज्या सवडीनं सांग, पन सांग."

बाकीच्या तिघांच्या जबाबांवर वाडीतले इतर दावे मंजूर झाले. किसनचा पुराव्याअभावी परत आला. तो आजही ती दळी कसतो, पण ती त्याच्या नावावर नाही.

इकडे रोह्यात बातमी फिरली. जगाला गजाला हात लावायला लावणारा मामा स्वतःच वीज उतरवायला विसरला, यावर लोक मनसोक्त हसले. दोन कचेऱ्यांनी दुसरा माणूस धरला, मग तिसरीनेही. मामा तरी मंगळवारी येत. बॅगेत हत्यारं कमी आणि डबा मोठा. आमच्याकडे बसून डबा खात आणि विचारत, "सांगितलास?" मी म्हणायची, "सांगते." यावर ते काहीच बोलत नसत. कॉपीसाठी निदान चिडवायचे तरी. मला त्यांचा राग येऊ लागला होता, हे आज लाज न बाळगता लिहिते. ज्याने आपल्यासाठी एवढं केलं त्याचं तोंड दर आठवड्याला बघावं लागणं सोपं नसतं. दोन-तीनदा तर मी मंगळवारी मुद्दाम रजा घेतली.

दुसऱ्या वर्षी पाऊस सरता सरता मामा गेले. साखर होती, पायाची जखम चिघळली, आठ दिवसांत आटोपलं. मला कळलं तेव्हा दहावासुद्धा झाला होता. दुकान बघायला गेले तर तिथे कोणीतरी मूर्तींच्या रंगाचे डबे भरून ठेवले होते. मी बाहेरूनच परत फिरले. त्याच आठवड्यात वाडीवर गेले.

किसन दळीवर नाचणी कापत होता. मी बांधावर बसले आणि स्वेटरपासून थर्माकोलपर्यंत सगळं सांगितलं. त्याने कापणी थांबवली नाही. माझं संपलं तेव्हा म्हणाला, "म्हाइत हाय, बाई."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी कळला. मामा बोलला तवा तुमी त्याच्याकडं बघत व्हताव. मी तुमच्याकडं बघत व्हतो."

"मग बोलला का नाहीस?"

"पेणला जाऊन मामाला बोललो ना. म्हनला, तू नको इचारू तिला. ती आपनहून सांगंल, चांगली हाय ती. मंग थांबलो." त्याने हातातली कणसं खाली ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड केलं. "आता मामाला जाऊन सांगा, सांगितला म्हनून. मी पेणला गेलो का तो दर टायमाला मला इचारतो."

मामा गेल्याचं वाडीवर कोणालाच कळलेलं नव्हतं. तेही मलाच सांगावं लागलं.